विश्लेषण : 'बाईचा हक्क म्हणजे ओटा'... डच म्हणींमधली बाई स्वयंपाकघरातून बाहेर का पडत नाही?

स्त्री-पुरुष समानतेच्या चर्चेत नेदरलँड्सचे उदाहरण नेहमी दिले जाते. या देशाच्या सिंहासनावर सलग तीन राण्या होऊन गेल्या. पण त्याच देशाच्या रोजच्या बोलीत बाईला गाडी चालवता येत नाही, बाई बोलायला लागली की थांबत नाही आणि तिची खरी जागा ओट्यापाशी आहे. या म्हणी आल्या कुठून, आजही का टिकल्या आणि त्यांचा संबंध बाईच्या पगाराशी, पेन्शनशी कसा पोहोचतो, याचा हा आढावा.

कोणत्या म्हणींचा हा प्रश्न?

डच माणसाला म्हणींची भारी हौस. शाळेत त्या शिकवल्या जातात, वर्तमानपत्रांचे मथळे त्यांवर बेतले जातात आणि जुन्या घरांत निळ्या-पांढऱ्या टाइलवर लिहून त्या भिंतीला टांगलेल्या दिसतात. अशा सुभाषितांना डच भाषेत 'टाइलवरचे शहाणपण' असा खास शब्दच आहे. या शहाणपणात बाई वारंवार भेटते.

'व्राउ आन हेट स्ट्यूर, ब्लूट आन दे म्यूर', म्हणजे बाईच्या हाती स्टिअरिंग आले की भिंतीवर रक्त उडालेच. यमक इतके चपखल की लहान मुलेही ते सहज म्हणतात. दुसरी म्हण शब्दांच्या खेळावर उभी आहे. डच भाषेत 'रेख्ट' म्हणजे हक्क आणि 'आनरेख्ट' म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. त्यावरून 'बाईचा एकच हक्क, तो म्हणजे ओटा' हा विनोद तयार झाला आणि पिढ्यान् पिढ्या चालत राहिला.

दिलेला शब्द पाळणाऱ्या पुरुषाबद्दल 'एन मान एन मान, एन वोर्ट एन वोर्ट' अशी जुनी म्हण आहे. पुरुष तो पुरुष, शब्द तो शब्द, असा तिचा अर्थ. तिला पुढे शेपूट जोडले गेले ते असे, की पुरुषाचा एक शब्द, तर बाईचा अख्खा शब्दकोश. शब्द पाळणे पुरुषाच्या वाट्याला गेले आणि बडबड बाईच्या. याशिवाय 'पुरुषाच्या प्रेमाची वाट पोटातून जाते' आणि 'सुंदर दिसायचे तर दुखणे सोसावे लागते' या म्हणी आहेतच. दुसरी म्हण व्याकरणाने कुणालाही लागू पडते, पण वेणी घालताना किंवा उंच टाचांचे बूट घालताना ती ऐकवली जाते मुलीलाच.

या म्हणी किती जुन्या?

काहींची वये चार-पाच शतकांची आहेत. चित्रकार पीटर ब्रॉयगल थोरला याने १५५९ मध्ये 'नेदरलँड्सच्या म्हणी' हे चित्र रंगवले. आज ते बर्लिनच्या गेमेल्डेगालरी या संग्रहालयात आहे. एका गावाच्या देखाव्यात त्याने शंभराहून अधिक म्हणी आणि वाक्प्रचार माणसांकरवी जिवंत केले. चित्राच्या मध्याजवळ लाल पोशाखातली एक बाई नवऱ्याच्या अंगावर निळा झगा चढवताना दिसते. त्या काळी याचा अर्थ होता, बायको नवऱ्याला फसवते आहे. डाव्या कोपऱ्यात दुसरी बाई चक्क सैतानाला उशीला बांधते आहे. इतकी खमकी, की सैतानाचेही तिच्यापुढे काही चालत नाही, असा त्याचा अर्थ.

त्याच काळात 'पाटलोणीसाठी भांडण' हा छापील चित्रांचा आवडता विषय होता. घरात पाटलोण कोण घालणार, म्हणजेच सत्ता कुणाची, यावरून नवरा-बायको झोंबताना त्यात दिसतात. 'पाटलोण तिच्या अंगावर आहे' हा वाक्प्रचार आजही डच भाषेत वापरला जातो. आज नेदरलँड्समधल्या अनेक बायका पँट घालून सायकलवरून कामाला जातात, तरी त्याची धार गेलेली नाही.

सतराव्या शतकात या समजुतींना घराघरांत नेऊन बसवले ते कवी याकोब काट्स यांनी. ते हॉलंड प्रांताचे सर्वोच्च अधिकारीही होते. १६२५ मध्ये आलेल्या त्यांच्या 'विवाह' या ग्रंथात बाईचे आयुष्य कुमारिका, लग्नाळू मुलगी, वधू, पत्नी, आई आणि विधवा अशा पायऱ्यांत बसवले आहे. प्रत्येक पायरी पुरुषाशी असलेल्या नात्यावरून ठरलेली. लोक त्यांना प्रेमाने 'काट्सबाबा' म्हणत आणि अनेक घरांत बायबलच्या शेजारी त्यांचे पुस्तक असे.

शूर बाईचे नाव शिवी कसे झाले?

याचे सर्वात बोलके उदाहरण हार्लेम शहरातले आहे. डिसेंबर १५७२ ते जुलै १५७३ या काळात स्पॅनिश फौजांनी हार्लेमला वेढा घातला. शहर लढले, शेवटी पडले. या वेढ्यात केनाउ सिमोन्सडोख्टर हासेलार या विधवेने तटबंदीच्या दुरुस्तीत हिरिरीने भाग घेतला. ती लाकडाची व्यापारी होती आणि नवऱ्यामागे धंदा स्वतः सांभाळत होती. तिने तीनशे बायकांची फौज उभी केली ही दंतकथा नंतरची, पण तिचे धैर्य समकालीनांनी नोंदवले आहे. पुढे आर्नेमाउडेन या बंदराच्या गावी तिला वजनकाट्याची अधिकारी नेमण्यात आले. त्या काळात बाईला असे पद मिळणे ही साधी गोष्ट नव्हती.

काही शतके तिचे नाव अभिमानाने घेतले गेले. मग हळूहळू 'केनाउ' हे विशेषनाम सामान्यनाम झाले. आज डच शब्दकोशात 'केनाउ' म्हणजे पुरुषी, दांडगट, कजाग बाई. बैठकीत ठामपणे बोलणाऱ्या बाईला हाच शब्द चिकटवला जातो. हार्लेम स्थानकासमोर २०१३ पासून तिचा पुतळा आहे, २०१४ मध्ये तिच्यावर चित्रपट आला, तरी शब्दाचा अर्थ बदलला नाही.

असे घसरणे केवळ तिच्या नावापुरते नाही. जुन्या डच भाषेत 'वाइफ' म्हणजे साधी स्त्री. इंग्रजीतला 'वाइफ' त्याचाच भाऊबंद. आज डच 'वाइफ' हा हिणवण्याचा शब्द आहे. 'कोळणीसारखी शिव्या देते' आणि 'म्हाताऱ्या बायांच्या गप्पा' या अर्थाच्या वाक्प्रचारांत तोच येतो. नोकरीच्या पदांचेही तसेच. 'सेक्रेटारिस' हा पुल्लिंगी शब्द मोठ्या अधिकाऱ्यासाठी वापरला जातो. त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून 'सेक्रेटारेसे' केले की साहेबाची पत्रे टाइप करणारी सहायक उभी राहते. पुरुषवाचक शब्द वर चढतो आणि त्याचीच स्त्रीवाचक जोडी खाली उतरते, हे इथे सारखे दिसते.

म्हणींच्या पाठीशी कायदाही होता का?

होता, आणि तो फार जुनाही नाही. १८३८ पासून लागू झालेल्या डच नागरी संहितेनुसार नवरा हा वैवाहिक संसाराचा प्रमुख होता आणि विवाहित स्त्री कायद्याच्या भाषेत 'अक्षम' होती. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नसे, बँकेत खाते उघडता येत नसे. अल्पवयीन मुलाची कायद्यातली जागा आणि तिची जागा यात फारसे अंतर नव्हते.

१९२४ पासून सरकारी सेवेतल्या बाईला लग्न झाले की नोकरी सोडावी लागे. शिक्षिकाही त्यातून सुटल्या नाहीत. या नियमाविरुद्ध संसदेत लढल्या त्या कोरी टेंडेलो. मजूर पक्षाच्या या खासदार वकील होत्या. २२ सप्टेंबर १९५५ रोजी कनिष्ठ सभागृहात त्यांचा ठराव ४६ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झाला. अवघ्या दोन मतांनी विवाहित बाईच्या नोकरीचा मार्ग मोकळा झाला. विवाहित स्त्रीची कायदेशीर अक्षमता रद्द करणारा कायदाही पुढच्या वर्षी संमत झाला आणि १ जानेवारी १९५७ पासून लागू झाला. तो दिवस पाहायला टेंडेलो राहिल्या नाहीत. ऑक्टोबर १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. नवरा हा संसाराचा प्रमुख, हे कलम मात्र त्यानंतरही दशकभराहून अधिक काळ पुस्तकात राहिले.

म्हणजे 'बाईचा हक्क म्हणजे ओटा' हा नुसता विनोद नव्हता. आज ऐंशीच्या घरात असलेल्या डच आजीबाईंच्या आईसाठी ते बऱ्याच अंशी कायद्याचे वर्णन होते. कायदा गेला, पण म्हण राहिली. कायदा रद्द करता येतो, त्यासाठी मतदान घेता येते. म्हण रद्द करण्याची अशी सोय नसते, आणि तिचे बळ त्यातच आहे.

मग आजची डच बाई ओट्यापासून सुटली का?

अर्धवट. नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या बायकांचे प्रमाण युरोपात वरच्या रांगेत आहे. पण त्यांतल्या दहापैकी साधारण सात जणी अर्धवेळ काम करतात. युरोपीय संघात अर्धवेळ नोकरीचे इतके प्रमाण दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. नवरा पूर्णवेळ, बायको अर्धवेळ या रचनेला डच भाषेत 'दीड कमावत्यांचे घर' म्हणतात. या दीडमधला अर्धा बहुतेक वेळा बाईच असते.

याचा हिशेब वर्षांनंतर कळतो. अर्धवेळ पगारावर पेन्शनही अर्धवट साठते, बढती हुकते. स्वतःच्या कमाईवर उभ्या राहू शकणाऱ्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र बायका तिथे साधारण दोन तृतीयांश आहेत. पुरुषांत हे प्रमाण दहापैकी आठच्या आसपास आहे. घटस्फोट झाला किंवा नवरा गेला की दीडच्या घरातला अर्धा किती अपुरा असतो, ते कळते.

या चर्चेतही ओट्याने आपली जागा सोडली नाही. २००१ च्या करसुधारणेनंतर घरी राहणाऱ्या किंवा फारच कमी कमावणाऱ्या जोडीदाराला कर-सवलतीची रक्कम हातात मिळण्याची सोय होती. कायद्यातले तिचे नाव लांबलचक आणि रूक्ष होते. लोकांनी, राजकारण्यांनी आणि वर्तमानपत्रांनी तिला सरळ 'ओटा-अनुदान' म्हटले. बाईने घरीच बसावे म्हणून सरकार पैसे देते, असा टोमणा त्यात होता. २००९ पासून ती दर वर्षी थोडी थोडी कमी करत २०२३ मध्ये बंद करण्यात आली. १९६३ पूर्वी जन्मलेल्यांना तेवढी सूट राहिली. अनुदान बंद झाले, पण मुलांना सांभाळायचे कोणी, हा प्रश्न मिटला नाही. नोकरदार आईबापांसाठी पाळणाघर जवळपास मोफत करण्याची योजना २०२५ साठी ठरली होती. ती पुढे ढकलली गेली.

बापांच्या बाबतीतला शब्द पाहिला की चित्र आणखी स्पष्ट होते. आठवड्यातून एक दिवस मुलांसाठी घरी राहणाऱ्या बापाच्या त्या दिवसाला 'पापादाख', म्हणजे बाबांचा दिवस म्हणतात. शब्द गोड आहे. पण एक दिवस बाबांचा, तर उरलेले दिवस कुणाचे, हे कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांनी ते गृहीत धरलेले असते. २०१९ पर्यंत मूल झाल्यावर बापाला मिळणारी पगारी रजा होती अवघी दोन दिवसांची. १ जानेवारी २०१९ पासून ती एक आठवडा झाली, जुलै २०२० पासून आणखी पाच आठवडे सत्तर टक्के भत्त्यावर मिळू लागले. ऑगस्ट २०२२ पासून आई-बाप दोघांनाही नऊ आठवड्यांची सशुल्क पालकत्व रजा मिळते. कायदा या बाबतीत बोलीच्या पुढे गेला आहे.

निंदेच्या म्हणी घातक की कौतुकाच्या?

निंदेची म्हण निदान उघड असते, तिला उत्तर देता येते. कौतुकाची म्हण गळ्यात हार घालून येते. डच भाषेत कर्तबगार बाईबद्दल 'हार मानत्ये स्तान' असे म्हणतात. शब्दशः अर्थ, ती आपला छोटा पुरुष बनून उभी राहते. म्हणजे ती कुठेही कमी पडत नाही. बोलणाऱ्याच्या मनात शंभर टक्के आदर असतो. पण बाईने उत्तम काम केले तर ते मोजायला फूटपट्टी पुरुषाचीच. स्वतःला सावरणे, धीर गोळा करणे यासाठीचे डच क्रियापद आहे 'व्हरमानन'. त्याच्या पोटात 'मान', म्हणजे पुरुष हा शब्द बसलेला आहे. बाईने अश्रू आवरले तरी भाषेच्या दृष्टीने ती थोडी पुरुष झालेली असते.

'कारिएरव्राउ', म्हणजे करिअर करणारी बाई, हा आणखी एक शब्द. पुरुषासाठी त्याची जोडी वापरात नाही, कारण पुरुषाचे करिअर ही सांगण्याची गोष्टच मानली जात नाही. 'प्रत्येक यशस्वी पुरुषामागे एक खंबीर बाई उभी असते' ही म्हण तर जगभरच्या निरोप समारंभांत ऐकू येते. तिच्यातला महत्त्वाचा शब्द 'मागे' हा आहे.

पण म्हणी खऱ्या असतात ना?

गाडी चालवण्याची म्हण घेऊ. पैसे लावून हा प्रश्न सोडवण्याचे काम विमा कंपन्या करतात. युरोपातल्या अनेक देशांत कंपन्या तरुण मुलींकडून तरुण मुलांपेक्षा कमी हप्ता घेत असत, कारण मुलींच्या हातून होणारे मोठे अपघात कमी होते. बेल्जियममधल्या एका ग्राहक संघटनेच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी असा लिंगभेद बेकायदा ठरवला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसींना स्त्री-पुरुष समान हप्ता लागू झाला. म्हणजे बायकांना चांगल्या ड्रायव्हिंगची मिळणारी सवलत समानतेच्या नावाखाली गेली. म्हण मात्र भिंतीवरचे रक्त बाईच्याच नावावर लिहीत राहिली.

बडबडीचे काय? अमेरिकेत आणि मेक्सिकोत विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रे बसवून केलेला अभ्यास २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. स्त्री आणि पुरुष दोघांचीही सरासरी दिवसाला सुमारे १६ हजार शब्द निघाली. पुढच्या मोठ्या अभ्यासात बायकांची सरासरी काहीशी जास्त दिसली, पण माणसामाणसातले अंतर त्याहून कितीतरी मोठे होते. अबोल पुरुष असतो तशी अबोल बाईही असते. म्हणीला मात्र सरासरीशी देणेघेणे नसते. एक बाई वाहन ठोकते तेव्हा म्हण खरी ठरते, हजार जणी नीट चालवतात तेव्हा ती कुणाला आठवत नाही.

नुसत्या शब्दांनी खरेच फरक पडतो का?

डच आणि जर्मन बोलणाऱ्या ५९१ प्राथमिक शाळकरी मुलांवर केलेले एक संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना काही व्यवसायांची वर्णने वाचून दाखवण्यात आली. काहींना फक्त पुल्लिंगी शब्दात, काहींना स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी जोडीने. जोडीने ऐकलेल्या मुलांना पुरुषांची मानली जाणारी कामे आपल्याला जमतील असा विश्वास अधिक वाटला. पण त्याच मुलांना ती कामे तुलनेने सोपीही वाटली. म्हणजे कामाच्या नावात बाई आली की काम आवाक्यात येते, आणि त्याच वेळी त्याचे वजनही घटते. सहा ते बारा वर्षांच्या वयातच हा हिशेब पक्का झालेला असतो.

डच साहित्याच्या अभ्यासक मिनेके स्खिपर यांनी जगभरच्या दोनशेहून अधिक भाषांतल्या स्त्रीविषयक म्हणी गोळा केल्या. १५ हजारांहून अधिक म्हणींचा तो संग्रह आहे. 'मोठ्या पायांच्या बाईशी कधी लग्न करू नका' हे त्यांच्या पुस्तकाचे नाव आफ्रिकेतल्या एका म्हणीवरून घेतलेले आहे. एकमेकांशी कधी संबंध न आलेल्या समाजांनीही बाईच्या जिभेबद्दल, पायांबद्दल आणि बुद्धीबद्दल सारखेच बोलून ठेवले आहे, हे त्यातून दिसते. बाई मुळात दुबळी असती, तर तिला तिची जागा दाखवायला इतक्या म्हणी लागल्या नसत्या.

'गंमत कळत नाही का?' या प्रश्नाचे काय?

हा आक्षेप नेदरलँड्समध्ये हमखास येतो, आणि त्यासाठीही एक म्हण तयार आहे : 'साधे वागा, तेच पुरेसे वेडेपणाचे आहे.' फार ताणू नका, असा तिचा सूर. भाषा हा वारसा आहे, म्हणी पुसल्या तर इतिहास पुसला जाईल, असेही सांगितले जाते. हा मुद्दा पूर्ण टाकून देण्यासारखा नाही. ब्रॉयगलचे चित्र कुणी पडद्याआड टाकावे असे कुणीच म्हणणार नाही. शब्दकोशाचे काम शब्द नोंदवणे, ते मनातून पुसणे नव्हे.

पण भाषा ठरवून बदलता येत नाही, हे खरे नाही. डच रेल्वेने डिसेंबर २०१७ पासून डब्यातल्या घोषणांत 'स्त्रिया आणि सद्गृहस्थहो' ऐवजी 'प्रिय प्रवासीहो' म्हणायला सुरुवात केली. टीका झाली, खिल्ली उडवली गेली, आणि मग लोकांना सवय झाली. बदलाला विरोध करणारे बहुतेकदा बदल नकोच म्हणत नाहीत. आपल्या हयातीत झालेला बदल तेवढा त्यांना जास्तीचा वाटतो. लग्न न झालेल्या बाईला पत्रावर वेगळे संबोधन लिहिण्याची डच पद्धत गेली, तेव्हाही भाषा बुडाल्याची तक्रार होती. आज ते संबोधन कुणाला आठवतही नाही.

मराठी माणसाने यातून काय घ्यावे?

आइंडहोव्हन, अॅमस्टेलव्हेन या शहरांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीय कुटुंबांत मराठी घरे बरीच आहेत. त्यांची मुले डच शाळांत शिकतात आणि नागरिकत्व हवे असेल तर मोठ्यांनाही डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. वर्गात या म्हणी समोर आल्या की त्यांचा सूर त्यांना परका वाटत नाही. 'चूल आणि मूल' ऐकत वाढलेल्याला ओट्याची म्हण समजावून सांगावी लागत नाही. पराक्रमी राणीला आपण 'मर्दानी' म्हणतो आणि कर्तबगार लेकीचे कौतुक 'ही मुलगी नाही, माझा मुलगाच आहे' असे करतो. 'छोटा पुरुष बनून उभी राहते' हे डच कौतुक याच घरातले. त्यामुळे नेदरलँड्सकडे बोट दाखवून हसण्यात अर्थ नाही. एवढ्या सुधारलेल्या देशातही कायदा बदलल्यानंतर साठ-सत्तर वर्षे बोली मागेच राहते, हा धडा घेण्यासारखा आहे.

मग उपाय काय?

बंदी हा उपाय नाही. बंदी घातलेला विनोद दुप्पट जोराने फिरतो. डच बायकांनी स्वतः दाखवलेला रस्ता वेगळा आहे. १८९० च्या दशकात स्त्रीहक्कांसाठी झगडणाऱ्या विल्हेल्मिना ड्रुकर यांना विरोधक 'डोले मीना', म्हणजे वेडी मीना म्हणून हिणवत. १९७० च्या सुरुवातीला तरुण बायकांनी नेमके तेच नाव आपल्या संघटनेला दिले आणि अॅमस्टरडॅममध्ये ड्रुकर यांच्या पुतळ्यापाशी कॉर्सेट जाळला. त्याच वर्षी गर्भपाताच्या हक्कासाठी पोटावर 'बास इन आइखन बाउक', म्हणजे 'माझ्या पोटाची मालकीण मी', असे लिहून त्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेत शिरल्या. शिवी त्यांनी नाव म्हणून स्वीकारली आणि आपली नवी घोषणा लोकांच्या तोंडी बसवली. आज ती घोषणा जवळपास म्हणीसारखी वापरली जाते.

दुसरा उपाय अधिक साधा आहे. म्हण उच्चारली गेली की तिचा अर्थ मोठ्याने सांगायचा. 'केनाउ' म्हणताना ती कोण होती हे सांगायचे. ओट्याचा विनोद झाला की १९५६ पर्यंत तो विनोद नव्हता, हे सांगायचे. शाळेत म्हणी शिकवाव्यातच, पण सोबत त्यांचे वयही सांगावे. भिंतीवरची टाइल उतरवण्याची गरज नाही, तिच्याखाली साल लिहिले तरी पाहणारा ती जुन्या काळातली वस्तू म्हणूनच पाहील.

आणि तिसरा उपाय भाषेबाहेरचा. बाप आठवड्यातून तीन दिवस मुलांना शाळेतून आणू लागला की 'बाबांचा दिवस' हा शब्द आपोआप निरर्थक होईल. पाळणाघर परवडू लागले, पूर्णवेळ काम करणाऱ्या आईकडे शाळेच्या फाटकाशी कुणी वळून पाहिले नाही, की दीड कमावत्यांचे घर दोघांचे होईल. १८९० पासून २०१३ पर्यंत, राणी एमा यांची राजप्रतिनिधी म्हणून कारकीर्द धरून, १२३ वर्षे नेदरलँड्सच्या गादीचा कारभार स्त्रीच्या नावाने चालला. पंतप्रधानपदी मात्र तिथे आजवर एकही स्त्री बसलेली नाही. राणीपद वारशाने येते, पंतप्रधानपद लोकांनी द्यावे लागते. ते देणारे लोक घरात, शाळेत आणि ऑफिसात कोणत्या म्हणी ऐकत मोठे झाले, हा प्रश्न म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखा नाही.